वास शेजाऱ्याचा

माझी थोरली नणंद नांदेडला राहते. लग्नकार्यात कुणी माझ्या नोकरीबद्दल विचारलं, की मी तोंड उघडायच्या आत तीच सांगून मोकळी होते, "काही नाही हो, हैदराबादेत एका मोठ्या हॉटेलात बटाटे निवडते." समोरचा माणूस माझ्याकडे कणवेने बघतो. मी घाईघाईने सांगते की ते बटाटे नसतात, ट्रफल असतात. मग त्याचा चेहरा खुलतो, "अच्छा, चॉकलेटचे!" तिथे मी हरते आणि ताटातल्या जिलबीकडे वळते.

आता निवृत्त झाले आहे आणि दिवाळी अंकात पानंही मिळाली आहेत, तर एकदाचं सांगून टाकते.

ट्रफल ही अळंबीच. बाकीच्या अळंब्या छत्री उघडून जमिनीवर येतात, ही जन्मभर मातीखालीच राहते. परदेशात ओकसारख्या झाडांच्या मुळांशी वाढते आणि शिकवलेली कुत्री ती हुंगून शोधतात. दिसायला आल्याच्या गाठीपेक्षा कुरूप, पण वास असा, की गरम भातावर चार पातळ चकत्या पडल्या तर शेजारच्या टेबलावरचा माणूस बोलायचा थांबतो. चॉकलेटच्या गोळ्याला तिचं नाव मिळालं ते तिच्यासारखा काळा नि ओबडधोबड दिसतो म्हणून. जमिनीतून निघाल्यापासून तिचा वास उडायला लागतो, कापराच्या वडीसारखा. म्हणून ती विमानाने येते, थर्मोकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्यांच्या मधोमध, कागदी रुमालात गुंडाळलेली.

हॉटेलच्या मागच्या दाराशी, जिथे भाजी, मासळी, दूध, सगळं उतरतं, तिथे मी उभी असायचे. आलेला माल बघायचा, घ्यायचा किंवा परत पाठवायचा, हे माझं काम. वडील सिकंदराबादला रेल्वेत, शाळा जामबागेत मराठी माध्यमाची, कॉलेज कोठीला. ट्रफलचं नाव मी नोकरीत येईपर्यंत ऐकलंही नव्हतं. शिकवलं ते आमच्या मुख्य शेफनी. शेफ यादगिरी सिद्दीपेटकडचे, उंचेपुरे, मिशा पांढऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन काळ्या गाठी माझ्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाले, "सुनंदाबाई, इनमें एक रानी है, एक रानी की दासी. बोलो कौन?"

मला दोन्ही सारख्याच दिसल्या. त्यांनी सुरीच्या टोकाने दोन्हींची नखाएवढी कपची काढली आणि गुपित उघडं पडलं. एकीच्या आत काळं-जांभळं, त्यात पांढऱ्या रेषांची नक्षी. ती हिवाळ्यातली काळी ट्रफल, म्हणजे राणी. दुसरीच्या आत फिकट, बदामाच्या गरासारखं. ती उन्हाळ्यातली. पुढे मला ती कापण्याआधीच ओळखू यायला लागली, कारण तिच्या अंगावरचे खवले मोठे आणि टणक असतात, कच्च्या सीताफळासारखे. राणीचे खवले बारीक. वासात तर जमीन-अस्मानाचा फरक. उन्हाळीचा वास सुक्या मेव्यासारखा, हळू आवाजात बोलणारा. राणीचा मात्र ओली माती, कोको आणि जास्त पिकलेलं फळ असा सगळा एकदम.

पांढरी ट्रफल तिसरी. ती गुळगुळीत, फिकट, खरोखरच बटाट्यासारखी, त्यामुळे नणंदेचं अगदीच चुकत नाही. तिला लसणाचा आणि मधाचा वास येतो. तिला आच लावायची नाही, वरून कच्चीच किसायची. आणि चौथी चिनी. तिची गोष्ट पुढे येते आहे.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. माधापूरच्या आयटीवाल्या मुलांनी एकदा बिर्याणीत ट्रफल घालून मागितली. शेफ स्वतः टेबलापाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "बेटा, जाफरान और ये, दोनों एक हंडी में? सौतनें हैं. नक्को करो." मुलांनी ऐकलं. बारकसचे एक अरब वंशाचे आजोबा नातवाबरोबर आले होते. त्यांची उमेदीची वर्षं कुवेतला गेलेली. ताटलीतली ट्रफल बघून ते खो खो हसले. "अरे, ये तो हमारे वहाँ का फगा है! बारिश के बाद रेत में से निकालते थे, गोश्त में डालते थे." वाळवंटातली ट्रफल वेगळ्या जातीची, वासाला अगदी सौम्य, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते मुळीच पटलं नाही. "आप के फगे को घमंड ज्यादा है," एवढंच म्हणाले आणि ताटली मात्र चाटूनपुसून साफ केली.

अशी वर्षं मजेत गेली. मग साथीची दुसरी लाट आली आणि मला ताप आला. दुखणं हलकंच होतं, घरातल्या घरात बरं झालं. पण एका सकाळी सूनबाई आमटीला हिंगाची फोडणी देत होती, मी तिच्या शेजारी उभी होते आणि मला काहीही आलं नाही. कढईत तोंड घातलं तरी नाही. लोकांची माणसं गेली, माझं नुसतं नाक गेलं. तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची? पण जिचं पोट नाकावर चालतं, तिने काय करावं?

हॉटेल पुन्हा उघडलं त्याच दिवशी मी शेफना सांगून टाकलं, "शेफ, मला वास येत नाही. माझ्या जागी दुसरं कुणी बघा."

शेफनी कपाळावर आठी सुद्धा घातली नाही. "नाक मेरी, आँखें आपकी. दो मिल के एक सुनंदाबाई."

तसंच चाललं. मी बघायचे, दाबायचे, कपची काढायचे, ते हुंगायचे. मला मात्र रोज वाटायचं की आपण उगीच खुर्ची अडवून बसलो आहोत. डॉक्टरांनी वासाचा रोजचा सराव करायला सांगितला होता, तो मी चार दिवस करून सोडला. थंडी संपली की राजीनामा द्यायचा, असं मनाशी ठरवलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं होतं.

त्याच थंडीत राज्यलक्ष्मी मॅडम आल्या.

मॅडम रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. पंच्याहत्तरी पूर्ण होत होती आणि मुलांनी आमच्याकडे जेवण ठेवलं होतं. ठरवायला त्या स्वतः आल्या, कॉटनची कडक इस्त्रीची साडी, पायात कापडी बूट. बालपण काचीगुड्यात मराठी शेजारात गेलेलं, त्यामुळे माझं नाव ऐकताच मराठीवर आल्या.

"हे बघ सुनंदा, मी पक्की शाकाहारी. मुलाकडे परदेशी गेले होते तेव्हा एका हॉटेलात हे ट्रफल पुढं आलं. काय वास होता अम्मा! पण मला वाटलं, हे काहीतरी मांसाचं असणार. मी ताट सरकवलं. घरी येऊन वाचलं तर अळंबी! तेव्हापासून डोक्यात बसलंय. आता मला तेच पाहिजे. हिवाळ्यातलं काळं. तेल नको. बाटलीतल्या त्या तेलात बहुतेक वेळा ट्रफल नसतंच, एक रसायन असतं, ते मी प्रयोगशाळेत करून देते तुला."

हे अगदी खरं आहे. शेफना त्या जागच्या जागी आवडल्या. दोघांनी मिळून पदार्थ ठरवला, साधा तूपभात आणि वर काळ्या ट्रफलच्या चकत्या. बाकी जेवण नेहमीचं, पण मध्यावर प्रत्येकाला हा एक वाडगा.

जेवणाच्या दिवशी सकाळी खोकं आलं. शेफनी झाकण उघडलं आणि मागच्या दाराशी जत्राच जमली. केक करणारी मंडळी आली, भांडी घासणारी यादम्मा आली, सुरक्षारक्षक सुद्धा नाक पुढे करून उभा. शेफनी डोळे मिटले. "आहाहा. क्या माल है." त्यांनी एकेक गाठ उचलून हुंगली आणि हसतमुखाने माझ्याकडे सरकवली.

मला त्या सगळ्या आनंदातलं काही कळत नव्हतं. मी आपली नामपल्लीच्या नुमाइशीतून, तिथल्या वार्षिक प्रदर्शनातून, घेतलेली छोटी सुरी काढली आणि कपच्या काढायला बसले. पहिली राणी. दुसरी राणी. तिसरीपाशी हात थांबला. आत काळं होतं, पण फार काळं, आणि पांढऱ्या रेषा केसासारख्या बारीक, एकमेकींत गुंतलेल्या, जणू कोळ्याने घाईत जाळं विणलंय. अंगठ्याने दाबलं तर खोडरबरासारखं दबून परत वर आलं. बाहेरचे खवलेही चपटे, झिजल्यासारखे. मी पुढची घेतली. पुन्हा राणी. तिच्या पुढची पुन्हा तशीच.

"शेफ, यात चिनी मिसळली आहे."

चिनी ट्रफल काही विष नाही. तीही अळंबीच, खाता येते. पण तिला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, आणि रूप मात्र राणीचं घेऊन येते.

शेफनी माझ्या हातातली गाठ घेऊन पुन्हा हुंगली. "वास तर भरपूर आहे, बाई." हे त्यांनी माझ्यासाठी मराठीत म्हटलं, म्हणजे त्यांना माझं मन दुखवायचं नव्हतं. त्यांच्या मदतनिसानेही हुंगलं. "फर्स्ट क्लास है, बाई." यादम्माने मान डोलावली. तिथे असलेल्या प्रत्येक नाकाची साक्ष एका बाजूला, आणि बिननाकाची मी दुसऱ्या बाजूला. क्षणभर वाटलं, सोडून द्यावं. ज्याला वास येत नाही त्याने वासाच्या मालाबद्दल बोलूच नये. पुन्हा ती कपची उजेडात धरली. रेषा काही बदलायला तयार नव्हत्या.

"शेफ, हा वास तिचा नाही. शेजाऱ्याचा आहे."

शेफनी गाठ खाली ठेवली. त्यांना लगेच कळलं. ट्रफलचा वास शेजारच्या वस्तूत शिरतो, म्हणून तर आम्ही ती मुद्दाम अंड्यांच्या नाहीतर तांदळाच्या डब्यात ठेवतो. विमानभर राण्यांच्या कुशीत निजलेल्या या चिनी दासी अत्तर लावल्यासारख्या घमघमत होत्या.

"अलग कर के देखते," शेफ म्हणाले.

आम्ही प्रत्येक गाठ ओल्या फडक्याने पुसली, कोरडी केली आणि वेगवेगळ्या स्टीलच्या डब्यांत झाकून ठेवली. डबे एकापासून एक लांब. मग दोघंही आपापल्या कामाला लागलो, पण लक्ष सगळं त्या डब्यांकडे. अस्सल ट्रफल बंद डब्यात पुन्हा पुन्हा वास सोडत राहते. उधारीचा वास संपतो.

दुपारी शेफनी झाकणं उघडायला सुरुवात केली आणि नेमक्या त्याच वेळी राज्यलक्ष्मी मॅडम दारात उभ्या राहिल्या. "प्रयोगाचं साहित्य आधी बघून ठेवावं म्हटलं," त्या म्हणाल्या.

शेफनी एक झाकण उघडलं, डोळे मोठे केले. दुसरं उघडलं, भुवया जवळ आल्या. तिसऱ्याला त्यांनी नाक आत घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खाली डब्बा है, बाई. हौ, खाली डब्बा. आप सही हैं." आणि हे साठीकडे झुकलेले धिप्पाड गृहस्थ आनंदाने चक्क टाळी वाजवायला लागले. नंतर त्यांना आठवलं की संध्याकाळचं जेवण बुडालंय, तेव्हा टाळी थांबली.

निम्म्याच्या आसपास चिनी निघाल्या. शेफनी माल पाठवणाऱ्याला फोन लावला. तो ओशाळला, पण नवा माल दोन-तीन दिवसांशिवाय येणं शक्य नव्हतं. सगळ्या पाहुण्यांना पुरतील एवढे वाडगे आता होणार नव्हते. मॅडम सगळं ऐकत उभ्या होत्या. मला वाटलं, आता या बाई कायमच्या दुखावल्या. इतक्या वर्षांची इच्छा, आणि आम्ही हे असं हातात देतो आहोत.

मॅडमनी चष्मा लावला. "दाखव मला. रेषा दाखव." मी दोन कपच्या शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांनी पाहिल्या, दाबून पाहिल्या, दोन्ही डबे हुंगले, पुन्हा पाहिल्या. प्रश्नांवर प्रश्न विचारले. मला येत होतं ते मी सांगितलं, शेफना येत होतं ते त्यांनी सांगितलं. मग त्या एकदम सरळ झाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, की मला त्यांचं वर्गातलं रूप दिसलं.

"अय्यो, मग चांगलंच झालं की! नुसतं जेवण काय करायचं? प्रॅक्टिकल घेऊ!"

आणि त्यांनी खरंच घेतलं. संध्याकाळी प्रत्येकापुढे दोन छोट्या वाट्या आल्या, दोन्हींत दोन-तीन घास तूपभात. एकीवर राणी, दुसरीवर चिनी. असे घास केले तर अस्सल माल सगळ्यांना पुरला. मॅडम मध्ये उभ्या राहिल्या. "बोलायचं नाही. शेजाऱ्याकडे बघायचं नाही. आधी डोळ्यांनी, मग नाकाने, मग जिभेने. खरी कुठली ते मी विचारलं की हात वर." पाहुण्यांत त्यांचे जुने विद्यार्थी बरेच होते, आता स्वतः आजी-आजोबा व्हायला आलेले. त्या आवाजासरशी सगळे ताठ बसले. एकजण तर सवयीने पेन चाचपत होता.

शेफ पांढरा कोट घालून प्रयोगशाळेतल्या सहायकासारखे हात मागे बांधून उभे. मी दाराशी. हॉलमध्ये फक्त चमचे वाजत होते. मग एका टेबलावर कुणीतरी "ओहो" केलं, मॅडमनी डोळे वटारले, आणि हसू सगळीकडे पसरत गेलं. हात वर झाले तेव्हा बहुतेकांनी बरोबर ओळखलं होतं. परदेशातून आलेले जावईबापू, जे आल्यापासून ट्रफलवर व्याख्यान देत होते, त्यांनी छातीठोकपणे चिनी वाटी उचलली. सासूबाईंनी त्यांना नापास केलं आणि दुसऱ्यांदा बसायची परवानगी दिली. जावईबापूंनी तो निकाल खो खो हसत स्वीकारला आणि फेरपरीक्षेच्या निमित्ताने आणखी एक वाटी मिळवली.

सगळ्यांचं झाल्यावर मॅडम स्वतः बसल्या. राणीची वाटी पुढे ओढली, वाफ घेतली, एक घास खाल्ला. डोळे मिटले.  त्या तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या आणि मग मोठ्यांदा म्हणाल्या, "आणि हे मी मटण समजून सरकवलं होतं!" टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं.

पाहुणे पांगायला लागले तेव्हा त्या एक वाटी घेऊन माझ्याकडे आल्या. माझ्या नाकाची गोष्ट त्यांना शेफनी सांगितली होती. वाटी माझ्या नाकाखाली धरली.

"काय येतं?"

"काही नाही, मॅडम. शून्य."

"शून्य हे सुद्धा रीडिंग आहे. रोज घ्यायचं. आणि मला सांगायचं."

मी राजीनामा दिला नाही. देताच आला नसता, कारण रोज सकाळी माल उतरायच्या आधी मॅडमचा फोन यायचा. लवंग, लिंबाची साल, गुलाबाचं अत्तर, निलगिरीचं तेल, आणि असेल तेव्हा शेफनी राखून ठेवलेली ट्रफलची कपची. "लवंग?" "शून्य." "लिंबू?" "शून्य." "सरे, ठीक. उद्या." कितीतरी दिवस असंच. घरचे म्हणायला लागले, तुमच्या मॅडम म्हणजे हवामानखातंच आहेत.

मग पावसाळ्यात एका सकाळी मी लवंगेचा डबा उघडला आणि दचकून मागे सरले. जळकं रॉकेल आणि कुजलेला कांदा. लिंबूही तसंच. गुलाबही. मी रडवेली होऊन फोन केला, "मॅडम, सगळं सडल्यासारखं येतंय."

पलीकडून आनंदाची आरोळी आली. "येतंय ना? येतंय! सुनंदा, रिॲक्शन सुरू झाली! आता सोडू नकोस!" डॉक्टरांनीही तेच सांगितलं, की वास परतताना आधी असा वेडावाकडा येऊ शकतो. ते काही आठवडे मी नाक दाबून जेवले, पण आनंदात जेवले. पुढे लवंग लवंगेसारखी यायला लागली. लिंबू थोडं उशिरा आलं. घरच्या हिंगाची फोडणी आली त्या दिवशी मी सूनबाईला मिठी मारली आणि आमटी उतू गेली.

दिवाळीच्या आधी पांढऱ्या ट्रफलचा हंगाम सुरू झाला. पहिलं खोकं आलं. शेफ शेजारी उभे होते, नेहमीप्रमाणे नाक पुढे करून. झाकण मी उघडलं. कागदी रुमाल बाजूला केला.

लसूण. मध. ओलं गवत. जुनं चीज. आणि त्या सगळ्यांच्या मागे काहीतरी उबदार, ज्याला मला कधीच शब्द सापडला नव्हता. मी एक गाठ उचलली, तळहातात धरली आणि तोंड त्यात खुपसलं.

शेफ वाट बघत होते. माल घेऊन आलेला ड्रायव्हर पावती हातात धरून उभा होता. मागे मासळीची गाडी हॉर्न वाजवत होती.

"क्या बोलते, सुनंदाबाई?" शेफनी हळूच विचारलं. "लेना कि वापस करना?"

मी डोळे उघडले नाहीत.

"थांबा जरा," मी म्हटलं, "अजून पोट भरलं नाही."